तारखांच्या रेंजची क्वेरी रखडते तेव्हा: पोस्टग्रेसमध्ये काय तपासायचं, काय बदलायचं

‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असं विचारणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) टेबल लहान असताना झटक्यात उत्तर देते. टेबल काही कोटी ओळींवर गेलं की तीच क्वेरी अर्धा-अर्धा मिनिट घेऊ लागते. मग बहुतेक जण तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) टाकून मोकळे होतात. कधी त्याने काम होतं, बऱ्याचदा होत नाही. कारण रेंज क्वेरीचा वेळ किती ओळी मिळाल्या यापेक्षा त्या ओळींसाठी डेटाबेसला किती पानं (एका वेळी वाचला जाणारा डेटाचा ठरावीक तुकडा म्हणजे पान) वाचावी लागली यावर ठरतो. पुढचा प्रत्येक उपाय याच आकड्यावर तपासायचा आहे.

(आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीतच लिहायची.)

हिशोबासाठी एक टेबल

विजेच्या स्मार्ट मीटरच्या नोंदी घेऊ. दर १५ मिनिटांनी एक नोंद, म्हणजे एका मीटरच्या दिवसाला ९६. मीटर ५,००० असतील तर दिवसाला ४,८०,००० ओळी आणि वर्षाला १७ कोटी ५२ लाख. टेबलचं नाव ‘रीडिंग’ आणि कॉलम तीन: मीटर_क्र ४ बाइट, युनिट ४ बाइट, वेळ ८ बाइट (टाइमस्टॅम्पटीझेड, म्हणजे टाइम झोन जाणणारी वेळ).

पोस्टग्रेस (पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस) ८ किलोबाइटच्या पानांत डेटा ठेवतं. १६ बाइट डेटा, २४ बाइट ओळीचं हेडर आणि पानाच्या माथ्यावरचा ४ बाइटचा पॉइंटर धरून एका ओळीला ४४ बाइट लागतात. एका पानात साधारण १८५ ओळी बसतात. वर्षाचं टेबल सुमारे ९ लाख ४७ हजार पानांचं, म्हणजे ७.२ जीबीच्या आसपास होतं.

रखडणारी क्वेरी साधी आहे: एका मीटरच्या एका महिन्याच्या नोंदी द्या. उत्तरात ३० × ९६ = २,८८० ओळी. १८५ने भागलं तर जेमतेम १६ पानांचा ऐवज. प्रत्यक्षात मात्र हजारो पानं वाचली जातात, आणि ती का वाचली जातात हे आधी पाहायचं.

आधी मोजा, मग हात लावा

क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन’ (क्वेरी कशी चालवली जाते ते दाखवणारी आज्ञा) लावा आणि कंसात ‘ॲनालाइझ, बफर्स’ हे पर्याय द्या. पोस्टग्रेस १८पासून ॲनालाइझ दिलं की बफर्स आपोआप येतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत ते मागावं लागतं. ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवतं, त्यामुळे अपडेट किंवा डिलीट तपासायचं असेल तर आधी ‘बिगिन’ आणि शेवटी ‘रोलबॅक’ करा, म्हणजे झालेले बदल रद्द होतात.

आउटपुटमध्ये मिलिसेकंदांकडे सगळ्यात शेवटी बघा. पहिल्यांदा क्वेरी चालवली की पानं डिस्कवरून येतात आणि दुसऱ्यांदा तीच मेमरीत सापडतात, त्यामुळे काहीही न बदलता वेळ दहापट सुधारलेली दिसू शकते. बफर्सच्या ओळीतली ‘हिट’ (मेमरीत मिळालेली पानं) आणि ‘रीड’ (बाहेरून आणलेली पानं) यांची बेरीज मात्र दोन्ही वेळा जवळपास सारखी असते. ती लिहून ठेवा. सुधारणा झाली की नाही हे तीच सांगेल.

त्यानंतर तीन गोष्टी पाहायच्या. अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांत दहापटीहून जास्त फरक असेल तर दोष आकडेवारीचा, म्हणजे स्टॅटिस्टिक्सचा असू शकतो. ‘रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर’ (रो म्हणजे ओळ) याच्यासमोर मोठा आकडा असेल तर त्या ओळी वाचून फेकून दिल्या आहेत. ‘बिटमॅप हीप स्कॅन’ (जुळणाऱ्या ओळींची खुणांची यादी आधी करून मग टेबल वाचणं) याखाली ‘लॉसी’ हा शब्द दिसला तर बिटमॅप मेमरीत मावला नाही. मग पोस्टग्रेसने ओळींऐवजी अख्खी पानं लक्षात ठेवली आणि त्यातली प्रत्येक ओळ पुन्हा तपासली. या मेमरीची मर्यादा, ‘वर्क_मेम’, मुळात ४ एमबी असतं. मोठ्या रिपोर्टच्या सेशनपुरतं ते ६४ एमबी करून पाहा. सर्व्हरभर वाढवू नका, कारण एकाच क्वेरीतली प्रत्येक सॉर्ट आणि हॅश तेवढी मेमरी वेगळी घेऊ शकते.

अट लिहिताना होणाऱ्या चुका

इंडेक्स असूनही वापरला जात नसेल तर आधी व्हेअरमधली अट पाहा. कॉलमवर फंक्शन चढवलं की साधा इंडेक्स निरुपयोगी होतो. ‘डेट_ट्रंक करून महिना जुलै’, ‘एक्स्ट्रॅक्ट करून वर्ष २०२४’, ‘वेळ + ७ दिवस > नाऊ’ या सगळ्या अटींत कॉलम फंक्शनच्या किंवा बेरजेच्या पोटात गेला आहे. कॉलम डावीकडे एकटा राहिला पाहिजे आणि गणित दुसऱ्या बाजूला गेलं पाहिजे: ‘वेळ > नाऊ − ७ दिवस’.

महिन्याची किंवा आर्थिक वर्षाची अट नेहमी ‘सुरुवात धरून, शेवट सोडून’ लिहा. २०२४-२५ हे आर्थिक वर्ष असं:

वेळ >= '२०२४-०४-०१ ००:००+०५:३०' आणि वेळ < '२०२५-०४-०१ ००:००+०५:३०'

‘बिटवीन’ वापरून शेवट ‘३१ मार्च’ दिला तर तो ३१ मार्चच्या मध्यरात्रीचा ०० वाजताचा क्षण होतो आणि तो पूर्ण दिवस गळतो. ‘२३:५९:५९’ लिहिणाऱ्यांचा शेवटच्या सेकंदाचा अपूर्णांक गळतो. पोस्टग्रेस मायक्रोसेकंदापर्यंत वेळ ठेवतं. वर्षअखेरीच्या ताळेबंदात एखादी नोंद कमी का येते याचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं.

वर ‘+०५:३०’ मुद्दाम लिहिलं आहे. सर्व्हरचं टाइम झोन यूटीसी असेल तर भारतातला १ एप्रिल तिथे ३१ मार्चच्या १८:३०ला सुरू होतो. ऑफसेट न देता तारीख दिली तर क्वेरी वेगात धावेल आणि साडेपाच तास सरकलेलं उत्तर देईल. ‘वेळेचं डेट करून त्यावरच इंडेक्स टाकू’ हा विचारही टाइमस्टॅम्पटीझेडवर अडतो. तारीख कोणती हे सेशनच्या टाइम झोनवर ठरतं, म्हणून ते रूपांतर ‘इम्यूटेबल’ (नेहमी एकच उत्तर देणारं) नाही आणि पोस्टग्रेस असा इंडेक्स करूच देत नाही. वर दिलेली अट लिहिली की अशा इंडेक्सची गरज उरत नाही.

प्रकार जुळणंही महत्त्वाचं. कॉलम बिगइंट आणि ॲप्लिकेशनकडून येणारं मूल्य न्यूमेरिक असेल तर पोस्टग्रेस कॉलमच न्यूमेरिकमध्ये बदलून तुलना करतं आणि इंडेक्स बाजूला पडतो. एक्सप्लेनमध्ये अटीच्या डाव्या बाजूला ‘::न्यूमेरिक’ चिकटलेलं दिसलं की हेच झालं आहे. तारीख ‘दिवस-महिना-वर्ष’ अशी टेक्स्ट कॉलममध्ये ठेवली असेल, आणि आपल्याकडच्या जुन्या सिस्टिममध्ये हे सर्रास दिसतं, तर वेगाचा प्रश्न दुय्यम आहे. ‘०५-०४-२०२४’ हे ‘१२-०३-२०२४’च्या आधी लागतं, म्हणजे रेंजचं उत्तरच चुकीचं येतं. तिथे आधी कॉलमचा प्रकार बदला.

दोन कॉलमचा इंडेक्स: कोणता आधी?

नियम असा: ‘बरोबर’च्या चिन्हाने येणारा कॉलम आधी, रेंजचा कॉलम नंतर. यामागचं गणित पाहिलं की नियम पाठ करावा लागत नाही.

या टेबलावर दोन कॉलमचा बी-ट्री (मूल्यं क्रमाने लावून ठेवणारा नेहमीचा प्रकार) इंडेक्स केला तर एका नोंदीला २८ बाइट लागतात. लीफ पानं (इंडेक्सच्या तळाची, प्रत्यक्ष नोंदी असलेली) ९० टक्के भरली जातात, म्हणून एका पानात साधारण २६० नोंदी बसतात. इंडेक्स (वेळ, मीटर_क्र) असा असेल तर एका महिन्याच्या पट्ट्यात सगळ्या ५,००० मीटरच्या १ कोटी ४४ लाख नोंदी सलग पडलेल्या असतात. आपलं मीटर त्यात दर १५ मिनिटांच्या गटात एकदा येतं. पट्टा सुमारे ५५,००० पानांचा, आणि तो अख्खा चाळावा लागतो. तोच इंडेक्स (मीटर_क्र, वेळ) असा केला तर आपल्या मीटरच्या महिन्याभराच्या २,८८० नोंदी शेजारी-शेजारी येतात: ११-१२ पानं, आणि मुळापासून तिथवर पोहोचायची तीन.

यात एक फसवी जागा आहे. उलट्या क्रमाच्या इंडेक्सवरही एक्सप्लेन ‘इंडेक्स स्कॅन’ दाखवतं, आणि दोन्ही अटी ‘इंडेक्स कंड’ या ओळीत नीट दिसतात. ‘रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर’ येत नाही, कारण मीटरची अट इंडेक्सच्या आतच तपासली जाते. सगळं आलबेल वाटतं आणि क्वेरी मात्र रखडते. ५५,००० पानं दिसतात ती फक्त बफर्समध्ये.

पोस्टग्रेस १८मध्ये (२०२५) बी-ट्रीला स्किप स्कॅन आला. पहिल्या कॉलममध्ये मोजकी वेगळी मूल्यं असतील तर तो मधला भाग ओलांडून पुढे जातो. वेळेच्या कॉलममध्ये हजारो वेगळी मूल्यं असतात, त्यामुळे स्किप स्कॅनच्या भरवशावर उलटा क्रम ठेवू नका.

दोन कॉलमवर दोन रेंज असतील, म्हणजे ‘जुलै महिना आणि युनिट ५ ते ७’, तर बी-ट्री त्यातल्या एकाच रेंजने पट्टा आखू शकतो. दुसरी अट त्या पट्ट्याच्या आत चाळणीचं काम करते. जी रेंज जास्त ओळी गाळते ती पुढे ठेवा. त्यातली एक अट ठरलेलीच असेल, समजा ‘युनिट > १०’ असाच रिपोर्ट रोज लागतो, तर इंडेक्सलाच ‘व्हेअर युनिट > १०’ लावून आंशिक इंडेक्स करा. तो लहान राहतो आणि वेळेची रेंज त्यात सरळ चालते.

खरा खर्च टेबलाच्या पानांचा

इंडेक्सचा क्रम सुधारला आणि ५५,००० पानांची १५ झाली. तरीही क्वेरी म्हणावी तशी धावत नाही, कारण इंडेक्समध्ये फक्त पत्ता आहे. युनिट आणायला टेबलात जावं लागतं.

नोंदी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने टेबलात पडलेल्या आहेत. दर १५ मिनिटांनी ५,००० ओळी, म्हणजे २७ पानं. एका मीटरची एक नोंद आणि तिची पुढची नोंद यांत २७ पानांचं अंतर. २,८८० ओळींसाठी २,८८० वेगळी पानं. एसएसडीवर एका वाचनाला ०.१ मिलिसेकंद धरलं तर पाव-अर्धा सेकंद. फिरत्या डिस्कवर ८-१० मिलिसेकंद धरले तर २३-२९ सेकंद. ‘इंडेक्स आहे, वापरला जातोय, तरी संथ’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

यावर तीन मार्ग आहेत, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी.

पहिला, कव्हरिंग इंडेक्स. पोस्टग्रेस ११पासून ‘इन्क्लूड’ मिळतं: इंडेक्स (मीटर_क्र, वेळ) इन्क्लूड (युनिट). युनिट इंडेक्समध्येच आल्यामुळे टेबलात जायची गरज उरत नाही आणि प्लॅनमध्ये ‘इंडेक्स ओन्ली स्कॅन’ दिसतं. एका नोंदीला आता ३६ बाइट, पानात साधारण २००, म्हणजे महिन्याला १५ पानं. किंमत ही की हा इंडेक्स साडेसहा जीबीच्या घरात जातो, म्हणजे जवळपास टेबलाएवढा. एकाच मीटरची एकाच वेळी दोनदा नोंद होऊ नये म्हणून युनिक इंडेक्स तसाही हवाच असतो. मग तोच ‘युनिक’ आणि ‘इन्क्लूड’सह करा, दोन वेगळे नकोत. क्वेरीत ‘सिलेक्ट *’ मात्र लिहू नका. टेबलात उद्या चौथा कॉलम वाढला की इंडेक्स ओन्ली स्कॅन गेलाच.

इंडेक्स ओन्ली स्कॅनखाली ‘हीप फेचेस’ हा आकडा पाहा. तो शून्याच्या जवळ नसेल तर पोस्टग्रेस अजूनही टेबलात जात आहे. पान सगळ्यांना दिसण्याजोगं आहे की नाही याची खूण व्हिजिबिलिटी मॅपमध्ये असते आणि ती व्हॅक्यूम (पोस्टग्रेसचं सफाईचं काम) लावतं. नुसतं इन्सर्ट होणाऱ्या टेबलावर ऑटोव्हॅक्यूम उशिरा जागं होतं. ‘ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_इन्सर्ट_स्केल_फॅक्टर’ मुळात ०.२ आहे. आपल्या टेबलाच्या हिशोबात ते साडेतीन कोटी ओळी होतात, म्हणजे ७३ दिवस. तोवर ताजे दोन महिने, जे लोक सगळ्यात जास्त विचारतात, टेबलात जाऊनच वाचले जातात. या एका टेबलापुरतं ‘ऑल्टर टेबल ... सेट’ वापरून तो आकडा ०.०१ करा, मग साधारण चार दिवसांनी व्हॅक्यूम होईल. हे सेटिंग पोस्टग्रेस १३पासून आहे.

दुसरा मार्ग, टेबलाच्या ओळीच हव्या त्या क्रमाने लावणं. ‘क्लस्टर’ ही आज्ञा टेबल इंडेक्सच्या क्रमाने नव्याने लिहिते. त्या काळात टेबलावर पूर्ण कुलूप असतं, वाचनसुद्धा थांबतं, आणि डिस्कवर टेबल व त्याचे इंडेक्स यांच्या दुसऱ्या प्रतीएवढी मोकळी जागा लागते. नंतर आलेल्या ओळींना तो क्रम लागू होत नाही. चालत्या टेबलावर हे करणं परवडत नाही. पण टेबल महिन्यावार पार्टिशन केलेलं (वेगळ्या तुकड्यांत विभागलेलं) असेल तर मागचा महिना बंद झाल्यावर फक्त त्या पार्टिशनला क्लस्टर करता येतं. तो महिना पुढे बदलत नाही, म्हणून केलेलं काम टिकतं आणि २,८८० ओळी १६-१७ पानांत येतात. मीटरवार चौकशी हे मुख्य काम असेल तर माझी पसंती यालाच आहे.

तिसरा मार्ग मायएसक्यूएल वापरणाऱ्यांचा. तिथे इनोडीबी (मायएसक्यूएलचं नेहमीचं साठवण इंजिन) टेबल प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवतं, १६ किलोबाइटच्या पानांत. प्रायमरी की ऑटो-इन्क्रिमेंट ठेवली तर वरचाच विस्कळीतपणा येतो. ती (मीटर_क्र, वेळ) केली तर एका मीटरच्या ओळी आपोआप शेजारी बसतात. त्याची किंमत इन्सर्टला मोजावी लागते: नव्या ओळी शेवटी न जाता ५,००० ठिकाणी घुसतात आणि पानं फुटत राहतात. तिथे एक्सप्लेनमधल्या ‘की_लेन’वर नजर ठेवा. इंट ४ बाइट आणि डेटटाइम ५ बाइट, दोन्ही नॉट नल. की_लेन ९ असेल तर दोन्ही कॉलम वापरले गेले आणि ४ असेल तर वेळेची रेंज इंडेक्सपर्यंत पोहोचलीच नाही.

सगळ्या मीटरचा एक दिवस: इथे ब्रिन

क्वेरी उलटी असू शकते: काल सगळ्या मीटरची मिळून किती युनिट? तिला (मीटर_क्र, वेळ)चा काही उपयोग नाही. पण आलेल्या क्रमाने पडलेलं टेबल इथे वरदान ठरतं, कारण कालच्या ४,८०,००० ओळी सुमारे २,६०० सलग पानांत आहेत.

वेळेच्या कॉलमवर ‘ब्रिन’ इंडेक्स करा. तो दर १२८ पानांच्या गटासाठी फक्त किमान आणि कमाल वेळ लिहून ठेवतो. आपल्या टेबलाला असे सुमारे ७,४०० गट, त्यामुळे पूर्ण इंडेक्स एक एमबीच्याही आत राहतो. वरच्या दोन कॉलमच्या बी-ट्रीला पाच जीबी लागतात. कालच्या दिवसासाठी २१-२२ गट वाचले की काम झालं.

ब्रिन बिघडतो तो उशिरा आलेल्या नोंदींमुळे. एखादं मीटर तीन आठवडे नेटवर्कबाहेर होतं आणि आज त्याने जुन्या नोंदी एकदम पाठवल्या, तर आजच्या गटाचं किमान तीन आठवडे मागे जातं. असे गट वाढले की प्रत्येक क्वेरीत ते सगळे वाचावे लागतात. पोस्टग्रेस १४पासून ‘मिनमॅक्स_मल्टी’ हा प्रकार आहे. तो एका गटासाठी अनेक छोटे पट्टे ठेवतो आणि अशा मोजक्या उडालेल्या मूल्यांना पचवतो. टेबल त्या क्रमात किती आहे हे ‘पीजी_स्टॅट्स’मधल्या ‘कोरिलेशन’वरून कळतं. १च्या अगदी जवळ असेल तर ब्रिन घ्या, ०.५ असेल तर नाद सोडा. आणि इंडेक्स करताना ‘ऑटोसमराइझ’ चालू करा. मुळात ते बंद असतं आणि सारांश न झालेला नवा गट प्रत्येक क्वेरीत वाचला जातो.

अर्थात क्लस्टर केलेल्या पार्टिशनमध्ये ओळी मीटरच्या क्रमाने बसतात, त्यामुळे तिथे वेळेवरचा ब्रिन निकामी होतो. एका क्रमाने दोन्ही क्वेरींचं भलं होत नाही. कोणती क्वेरी दिवसातून किती वेळा चालते हे ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’मधून काढा आणि मग ठरवा.

वर्षभराची सगळ्या मीटरची बेरीज हवी असेल तर कोणताही इंडेक्स कामाचा नाही. टेबलाचा मोठा हिस्सा वाचायचा असताना सिक्वेन्शियल स्कॅन (टेबल सुरुवातीपासून सलग वाचणं) हाच योग्य प्लॅन आहे, त्याला इंडेक्सकडे ढकलू नका. तिथे दररोजचं सारांश टेबल ठेवा: ५,००० × ३६५ = १८ लाख २५ हजार ओळी, मूळ टेबलाच्या ९६वा हिस्सा. उशिरा आलेल्या नोंदींमुळे मागचे दिवस बदलतात, म्हणून रात्रीच्या जॉबने फक्त काल न मोजता ज्या दिवसांच्या नोंदी आज आल्या ते सगळे दिवस पुन्हा मोजले पाहिजेत.

‘पासून-पर्यंत’ हे दोन कॉलम असतात तेव्हा

ही वेगळी जात आहे आणि इथे बी-ट्री हतबल होतो. वीजपुरवठा खंडित झाल्याच्या टेबलात ‘सुरू’ आणि ‘संपली’ असे दोन कॉलम आहेत. विचारायचं आहे: १० तारखेला सकाळी ९ ते १२ या वेळेशी आच्छादणाऱ्या घटना कोणत्या? अट: सुरू < १२ वाजता आणि संपली > ९ वाजता. (सुरू, संपली) असा इंडेक्स असला तरी पहिली अट ‘आजवरच्या सगळ्या घटना’ एवढा मोठा पट्टा आखते. इतिहास वाढेल तशी क्वेरी संथ होत जाते.

पोस्टग्रेसमध्ये ९.२ या आवृत्तीपासून रेंज टाइप आहेत. ‘टीएसटीझेडरेंज(सुरू, संपली)’ या एक्स्प्रेशनवर ‘जिस्ट’ इंडेक्स (रेंजसारख्या प्रकारांवर चालणारा) करा आणि क्वेरीत तेच एक्स्प्रेशन अक्षरशः तसंच लिहून ‘&&’ हे आच्छादनाचं चिन्ह वापरा. अजून न संपलेल्या घटनेत ‘संपली’ नल असेल तर रेंज पुढे अमर्याद धरली जाते, म्हणजे हवं तेच होतं. फीडरचा (वीजवाहिनीचा) क्रमांकही त्याच इंडेक्समध्ये हवा असेल तर ‘बीट्री_जिस्ट’ हे एक्स्टेन्शन लागतं. ते बसवलंच आहे तर ‘एक्सक्लूड’ कन्स्ट्रेंटही लावा. एका फीडरच्या दोन घटना एकमेकींवर चढणं डेटाबेस स्वतःच रोखेल.

मायएसक्यूएलमध्ये हे नाही. तिथे घटनेची कमाल लांबी माहीत असेल, समजा कोणतीही घटना ३ दिवसांहून मोठी नाही, तर ‘सुरू > १० तारीख ९ वाजता − ३ दिवस’ ही जादा अट घाला. पट्ट्याला दुसरं टोक मिळालं की साधा इंडेक्स पुरतो. ही कमाल मर्यादा चेक कन्स्ट्रेंटने टेबलावरही लादा, नाहीतर एखादी लांबलेली घटना उत्तरातून गुपचूप गायब होईल.

रेंज एकमेकींवर चढतच नसतील, जसं वीजदराचं टेबल (लागू_पासून, लागू_पर्यंत) किंवा आयपी पत्त्यांच्या पट्ट्यांचं टेबल, तर याहून सोपा मार्ग आहे. ‘लागू_पासून <= दिलेली तारीख’ अशी एकच अट, उतरता क्रम, लिमिट १. इंडेक्सवर एकाच उडीत ओळ मिळते. ‘लागू_पर्यंत’ची तपासणी मात्र या सबक्वेरीच्या बाहेर करायची. ती आत ठेवली आणि त्या तारखेला कोणताच दर लागू नसला, तर डेटाबेस जुळणारी ओळ शोधत टेबलाच्या सुरुवातीपर्यंत मागे चालत जातो.

प्लॅनर चुकतो त्याची कारणं

इंडेक्स बरोबर, अट बरोबर, तरी प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) निवडतो तो प्लॅन चुकीचा. पहिला संशय आकडेवारीवर घ्या. ‘ऑटोव्हॅक्यूम_ॲनालाइझ_स्केल_फॅक्टर’ मुळात ०.१ आहे, म्हणजे आपल्या टेबलात पावणेदोन कोटी ओळी वाढल्याशिवाय आकडेवारी ताजी होत नाही. दिवसाला ४,८०,०००च्या वेगाने ३६ दिवस. या टेबलापुरतं ते ०.००५ करा, दोन दिवसांवर येईल. मोठा डेटा एकदम भरल्यावर हाताने ‘ॲनालाइझ’ चालवा, वाट पाहू नका.

दुसरा संशय ‘रँडम_पेज_कॉस्ट’वर, म्हणजे विखुरलेलं पान वाचायला प्लॅनर धरतो त्या खर्चावर. मूळ मूल्य ४ आहे आणि ते फिरत्या डिस्कच्या काळातलं. एसएसडीवर १.१ ठेवा. एवढ्या एका बदलाने अनेक सिक्वेन्शियल स्कॅन इंडेक्सवर येतात.

तिसरा जरा लपलेला असतो. तीच क्वेरी हाताने चालवली तर वेगात, ॲप्लिकेशनमधून संथ. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (एकदा तयार करून वेगवेगळ्या मूल्यांनी चालवलेली क्वेरी) पाच वेळा चालल्यावर पोस्टग्रेस ‘जेनेरिक’ प्लॅनचा विचार करतं. त्यात तारखा माहीत नसतात, त्यामुळे दोन टोकं असलेल्या रेंजला ते सरसकट ०.५ टक्के ओळी धरतं. एक दिवस मागा की पूर्ण वर्ष, अंदाज तोच. ‘प्लॅन_कॅश_मोड’ हे ‘फोर्स_कस्टम_प्लॅन’ करून पाहा. फरक पडला तर कारण सापडलं.

यादी स्क्रीनवर पानापानाने दाखवण्यासाठी ‘ऑफसेट’ वापरत असाल तर तेही इथेच सुधारा. ऑफसेट १,००,००० म्हणजे एक लाख ओळी वाचून फेकणं. मागच्या पानावरची शेवटची वेळ लक्षात ठेवून ‘वेळ > ती वेळ’ अशी अट द्या. त्याच वेळेच्या अनेक ओळी असू शकत असतील तर (वेळ, मीटर_क्र) ही जोडीच तुलनेत घ्या.

पार्टिशन केव्हा

पार्टिशन हा वेगाचा उपाय म्हणून विकला जातो. मला तो देखभालीचा उपाय जास्त वाटतो. (मीटर_क्र, वेळ) इंडेक्स असताना महिन्यावार पार्टिशनने आपली पहिली क्वेरी फारशी सुधारत नाही, १५ पानांची फार तर १४ होतील. खरा फायदा जुना महिना ‘डिटॅच’ करून क्षणात काढून टाकता येतो हा. डिलीटने दीड कोटी ओळी काढणं आणि नंतरचं व्हॅक्यूम, दोन्ही टळतं. अट पार्टिशनच्या कॉलमवर थेट असली पाहिजे. क्वेरीत वेळेची अटच नसेल तर प्रत्येक पार्टिशनचा इंडेक्स उघडला जाईल, आणि तेव्हा पार्टिशनने क्वेरी उलट संथ होते.

चालत्या सर्व्हरवर इंडेक्स घालताना

साधं ‘क्रिएट इंडेक्स’ संपेपर्यंत टेबलावरचं लिखाण थांबवतं. मीटरच्या नोंदी येत असताना ते चालणार नाही, म्हणून ‘कन्करंटली’ लावा. हे ट्रान्झॅक्शन ब्लॉकच्या आत चालत नाही, त्यामुळे मायग्रेशनच्या (टेबलांच्या रचनेतले बदल लागू करायच्या) टूलमध्ये ते ट्रान्झॅक्शन बंद करावं लागतं. त्या सेशनपुरतं ‘मेन्टेनन्स_वर्क_मेम’ ६४ एमबीवरून १ जीबी करा. काम एकाच जागी अडलेलं दिसलं तर जुनं, उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन शोधा. ते संपेपर्यंत कन्करंटली थांबून राहतं. प्रगती ‘पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_क्रिएट_इंडेक्स’मध्ये दिसते.

मध्येच अपयश आलं तर ‘इनव्हॅलिड’ असा खुणेचा इंडेक्स मागे उरतो. क्वेरीला तो कामाचा नसतो, पण प्रत्येक इन्सर्टला त्याचा भार पडत राहू शकतो. तो ड्रॉप करूनच पुन्हा सुरुवात करा.

नवा इंडेक्स लागल्यावर पुन्हा एक्सप्लेन चालवा आणि बफर्सची बेरीज आधीच्या आकड्याशी ताडा. मग जुन्या उलट्या क्रमाच्या इंडेक्सकडे वळा. ‘पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेस’मध्ये त्याचा ‘आयडीएक्स_स्कॅन’ महिनाभर वाढला नाही तर तो काढून टाका. पाच जीबी डिस्क आणि प्रत्येक इन्सर्टमागचं एक लिखाण वाचेल. रिपोर्ट रेप्लिकावर (डेटाबेसची प्रत असलेल्या दुसऱ्या सर्व्हरवर) चालत असतील तर रेप्लिकाचा आकडाही पाहायला विसरू नका, कारण दोन्हीकडची मोजणी वेगळी असते. आणि युनिक इंडेक्सचा आकडा शून्य असला तरी त्याला हात लावू नका, तो नोंदींची दुबार भरती अडवण्यासाठी आहे.